बायबलमधील न्यायाग्नी

ख्रिस्ती धर्मग्रंथातील न्यायाग्नीचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे नरकाच्या ज्वाळा उभ्या राहतात. हे चित्र निराधार नव्हे. सदोम व गमोरा या नगरांवर आकाशातून गंधक व अग्नी बरसल्याची कथा बायबलच्या पहिल्याच पुस्तकात आहे, आणि बाप्तिस्मा करणारा योहान खळ्यातील भुसा न विझणाऱ्या आगीत जाळला जाईल असे बजावतो. परंतु एवढ्यावरच थांबले तर अर्धा अर्थ हातचा जातो, असे आम्हांस वाटते. उरलेला अर्धा कळण्यास चांदा-गडचिरोलीकडील श्रोत्यांना लोखंडाची भट्टी आठवली म्हणजे पुरे.

एटापल्ली तालुक्यातील सूरजागडचा डोंगर लोहखनिजाचा. माडिया लोकांच्या ठाकुरदेवाची यात्राही तेथेच भरते. जुन्या चांदा जिल्ह्यात कारखान्यांच्या कितीतरी आधी लोखंड गाळीत असत. मातीच्या लहान भट्टीत खनिज आणि लाकडी कोळसा भरावयाचा व भाता चालवावयाचा. या भट्टीत लोखंड वितळत नसे. वितळे ती कीट. ती वाहून जाई आणि मागे लोखंडाचा सच्छिद्र गोळा राही. तो तापवून घणाखाली घातला की आत दडलेली कीटही बाहेर पडे. खनिजाचा नाश व्हावा म्हणून काही कोणी भट्टी पेटवीत नाही.

हीच भट्टी बायबलात पुनःपुन्हा येते. 'अनुवाद' या पुस्तकात मिसर देशातील दास्याला लोखंडाची भट्टीच म्हटले आहे. तीतून निघाले ते इस्राएल राष्ट्र. मलाखी संदेष्टा न्यायाचा दिवस वर्णितो तेव्हा देव रुपे गाळणाऱ्यासारखा बसलेला दाखवितो. यातील 'बसलेला' हा शब्द मोलाचा आहे. मूस तापत असता सोनार उठून जात नाही, हे कोणीही पाहिलेले असेल. मात्र शेवट गोडच होतो असे नाही. यिर्मया सांगतो की भाता फुंकून फुंकून थकला, शिसे संपले, तरी हीण निघाले नाही. असले रुपे टाकाऊच ठरले. यहेज्केलच्या दृष्टीने तर सारे इस्राएल घराणे कीट होऊन बसले आहे. म्हणजे आग निकाल बाहेरून आणीत नाही. दगडात जे होते ते ती उघडे करते.

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात हाच विचार पुढे नेला आहे. प्रत्येकाचे काम आगीने पारखले जाईल. कोणाचे सोन्यारुप्याचे, कोणाचे लाकूड-गवताचे. ज्याचे काम जळेल त्याची हानी होईल, पण तो स्वतः जणू आगीतून निघाल्यासारखा वाचेल. रोमन कॅथलिक पंथ शुद्धिस्थानाच्या शिकवणीस या वचनाचा आधार घेतो. प्रॉटेस्टंटांस ते मान्य नाही.

'गेहेन्ना' हा शब्द मूळचा यरुशलेमजवळच्या हिन्नोम खोऱ्याचा. तेथे पोटची पोरे आगीत होमली जात, म्हणून योशीया राजाने ते स्थान भ्रष्ट केले. पुढे तेथे गावचा कचरा जळे असे पुष्कळदा सांगतात. बायबलात तसे कोठे नाही.

महाराष्ट्रात या अग्नीचा अनुभव केडगावच्या मुक्तिसदनात आल्याची नोंद आहे. पंडिता रमाबाईंच्या या संस्थेत १९०५ च्या जूनअखेर, भल्या पहाटे, एका मुलीच्या अंगावर ज्वाळा दिसल्या म्हणून देखरेखीच्या बाई पाण्याची बादली आणावयास धावल्या. ओतणार तोच त्यांना उमगले की मुलगी जळत नाही. मिनी एब्रम्स या तेथील अमेरिकन मिशनरी बाईंनी हा वृत्तान्त दिला आहे. तो कोणी कसाही समजावा. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते हे, की त्या मुलींनी अग्नीचा अर्थ आपापली पापे कबूल करणे असा घेतला. दुसऱ्याच्या पापांकडे त्यांनी बोट दाखविले नाही.

दुसऱ्यावर आग पाडण्याची इच्छा प्रत्यक्ष येशूच्या शिष्यांनाही झाली होती. आपल्याकडे आगीला न्याय म्हणण्याची सवय नवी नाही. डिसेंबर २०१६ मध्ये सूरजागडला माओवाद्यांनी खनिज वाहणारी ७० हून अधिक वाहने जाळली, तीही न्यायाच्याच नावाने. लूकच्या शुभवर्तमानातील प्रसंग असा: शोमरोनी लोकांच्या एका गावाने येशूला उतरू दिले नाही. याकोब व योहान चिडले. एलीयाच्या शब्दासरशी आकाशातून आग उतरली होती. तशी आम्हीही मागवू काय, असे त्यांनी विचारले. येशूने वळून त्या दोघांनाच धमकाविले, आणि मग सारे दुसऱ्या गावी गेले.