छप्पन्न फुटांतला संसार

आमच्या सास्तूरपासून समुद्र किती लांब! इथे पाणी बघायचं ते विहिरीत, नाहीतर टँकरमध्ये. त्यामुळे मी शिडाच्या नौकेवर लिहायला बसलेय म्हटल्यावर घरात हशा पिकला. पण मैत्रिणींनो, नौका समुद्रातली असली तरी प्रश्न आपलाच आहे. एवढ्याशा जागेत संसार मांडायचा कसा?

‘तारिणी’ ही आपल्या नौदलाची शिडाची नौका. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली. २०१७ साली ती नौदलात आली आणि त्याच वर्षी वर्तिका जोशी व त्यांच्या पाच सहकारी अधिकारी तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या. सगळ्या बायकाच! मे २०१८ मध्ये त्या सुखरूप परतल्या. पुढे २ ऑक्टोबर २०२४ ला दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच त्याच नौकेतून निघाल्या, त्या २९ मे २०२५ ला गोव्याला पोचल्या. तारिणीची लांबी ५६ फूट, म्हणजे एस्टीच्या साधारण दीड गाडीएवढी. वाटेतल्या बंदरांतले थांबे सोडले तर आठ महिने तेच घर आणि तेच अंगण.

माझ्या भाच्याला या गोष्टींचा नाद आहे. लांबच्या प्रवासाच्या छोट्या नौका आतून कशा असतात, याचे नकाशे त्याने मला दाखवले. मी आपली आधी स्वयंपाकघर शोधलं!

कललेलं स्वयंपाकघर

वाऱ्यावर चालणारी नौका सरळ क्वचितच असते. कधी कधी दिवसचे दिवस ती एका अंगावर कललेली असते. म्हणून तिथली शेगडी पाळण्यासारखी दोन खुंट्यांवर टांगतात. नौका कलली तरी शेगडी सपाट राहते. भांडं घसरू नये म्हणून भोवती लोखंडी कठडा, आणि रांधणारी पडू नये म्हणून तिच्या कमरेला पट्टा. ओट्याच्या कडाही उभ्या असतात, परातीच्या काठासारख्या.

स्वयंपाकघर बहुधा नौकेच्या मध्यावर, जिन्याच्या पायथ्याशी असतं. सी-सॉवर मधे बसलेल्याला कमी हेलकावे बसतात ना, तसंच हे. शिवाय वाफ जिन्याच्या दारातून बाहेर जाते. शीतपेटीचं झाकण वरून उघडतं. गार हवा जड असते, ती पेटीतच राहते आणि वस्तूही अंगावर येत नाहीत.

गॅसचं सिलिंडर मात्र आत नाहीच! त्याला वेगळा कप्पा, आणि त्याच्या तळाला थेट नौकेबाहेर उघडणारं भोक. आपला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली साचतो. आपणही हे ध्यानात ठेवावं. सिलिंडर खड्ड्यात ठेवू नये, आणि वास आला की बटण न दाबता आधी दारं उघडावीत.

पाण्याचे नळ दोन असतात. एक खाऱ्याचा, एक गोड्याचा. भांडी खाऱ्याने घासायची, शेवटी गोड्याने विसळायची. गोड्याचा पंप पुष्कळदा पायाने दाबायचा असतो, म्हणजे नळ उघडा राहून पाणी वाहून जात नाही. हे वाचून मराठवाड्यातली कुठलीही बाई म्हणेल, यात नवल ते काय!

जड ते खाली

निजायच्या फळ्या मुद्दाम अरुंद असतात. रुंद पलंगावर माणूस गडगडेल ना! फळीच्या उघड्या बाजूला झोळीसारखं कापड ताणून बांधतात. बसायच्या बाकाखाली कपाट, जमिनीच्या फळ्यांखाली पाण्याच्या टाक्या आणि जड डबे. कांदे-बटाटे जाळीत टांगलेले. जड ते खाली, हलकं ते वर. नाहीतर नौकेचा तोल जातो.

इथे मी नकाशा बाजूला ठेवला. हेच वाक्य मी सासूबाईंच्या तोंडून ऐकलं होतं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. भूकंपात आमची जाड दगडमातीची घरं कोसळली, गावात घरोघरी माणसं गेली. मग पत्र्याची शेड आली. खोली एक, माणसं सात, आणि धक्के अधूनमधून चालूच. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, “जड ते खाली ठेवा गं, उशापाशी उंच काही नको.” पातेल्यात पातेलं, माणशी एक ट्रंक, अंधारातही हाताला काडेपेटी सापडली पाहिजे. त्या माउलीनं समुद्र कधी पाहिला नव्हता.

एक बंद दार

पण नौकेत एक गोष्ट होती, ती आमच्या शेडमध्ये नव्हती. कितीही लहान नौका घ्या, लांबच्या प्रवासाची असेल तर संडास-न्हाणीला बहुधा दार असतंच. हात पसरला तर भिंतीला लागेल एवढीच ती जागा, पण आतून कडी लावता येते. आम्ही बायका मात्र अंधार पडायची वाट बघायचो. साडी बदलायची तर जावेने चादर धरायची. वस्तूंना जागा होती, बाईला नव्हती.

झोपेचंही तसंच. नौकेवर पाळ्या असतात. एक सुकाणूपाशी जागी, तेव्हा दुसरीने निजायचं. तिला उगीच कुणी उठवत नाही, कारण तिच्या विश्रांतीवर दोघींचा जीव असतो. आपल्याकडे दुपारी जरा पाठ टेकली की हाका सुरू!

आता आमचं घर पक्कं आहे. गेल्या वर्षी सून आली, तेव्हा मी सुताराकडून दोनच कामं करून घेतली. तिच्या खोलीच्या दाराला आतून कडी, आणि तिचं म्हणून एक कुलपाचं कपाट. “एवढंच?” असं ह्यांनी विचारलं. मी म्हटलं, “हो, एवढंच. पण ते आधी.”

मैत्रिणींनो, घर लहान असेल तर डबे जरूर नीट लावा. पण त्याआधी बघा, त्या घरात प्रत्येक बाईला कडी लावता येईल असं एक दार आहे का?