विद्यापीठ अधिसभेतील विद्यार्थी प्रतिनिधी (महाराष्ट्र)

विद्यापीठ अधिसभेतील विद्यार्थी प्रतिनिधी म्हणजे महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांच्या अधिसभेवर, अर्थात सिनेटवर, विद्यार्थ्यांच्या वतीने बसणारे सदस्य होत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ या कायद्यानुसार विद्यापीठ विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव हे दोघे अधिसभेचे सदस्य असतात. अधिसभेच्या या दोन जागांसाठी स्वतंत्र मतदान होत नाही. त्या विद्यार्थी परिषदेतील पदांशी जोडलेल्या असल्यामुळे अधिसभेत जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला प्रथम आपल्या महाविद्यालयात आणि नंतर विद्यापीठ पातळीवर निवडून यावे लागते.

अधिसभेचे स्वरूप

विद्यापीठाचा कारभार अनेक प्राधिकरणांमार्फत चालतो. धोरण आणि अंमलबजावणी यांची प्रमुख जबाबदारी व्यवस्थापन परिषदेकडे, तर अभ्यासविषयक बाबी विद्यापरिषदेकडे असतात. अधिसभा हे वित्तीय अंदाज व अर्थसंकल्पीय विनियोजन यांसाठीचे, तसेच शैक्षणिक कार्यक्रमांबाबत समाजाचे मत विद्यापीठापर्यंत पोहोचवणारे प्रमुख प्राधिकरण आहे. कुलपती तिचे अध्यक्ष असतात. त्यांच्या अनुपस्थितीत कुलगुरू बैठक चालवतात. वर्षातून किमान दोन बैठका होणे आवश्यक असते.

अधिसभेवर प्राचार्य, संस्थाचालक, अध्यापक, नोंदणीकृत पदवीधर, पदसिद्ध अधिकारी आणि नामनिर्देशित सदस्य असतात. त्यांच्या तुलनेत दोन विद्यार्थी सदस्यांचे संख्याबळ अगदी थोडे असते आणि केवळ मतांच्या जोरावर ते ठराव मंजूर करून घेऊ शकत नाहीत. परीक्षा शुल्क, निकालांतील विलंब, वसतिगृहे, ग्रंथालये किंवा विद्यार्थी कल्याणासाठीची तरतूद यांविषयी अधिसभेसमोर थेट प्रश्न मांडता येणे, हेच या जागांचे मुख्य महत्त्व आहे.

पदवीधर गटाशी होणारी गल्लत

वृत्तपत्रांत ‘सिनेट निवडणूक’ म्हणून ज्या निवडणुकीची चर्चा होते, ती बहुधा नोंदणीकृत पदवीधरांच्या गटाची असते. या गटातून अधिसभेवर दहा सदस्य निवडले जातात. त्यांपैकी पाच जागा अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांच्यासाठी प्रत्येकी एक याप्रमाणे राखीव असतात. मुंबई विद्यापीठात सप्टेंबर २०२४मध्ये झालेली निवडणूक याच गटाची होती. विद्यार्थी संघटना आणि राजकीय पक्षांच्या युवक शाखा ती मोठ्या तयारीने लढवत असल्यामुळे ती विद्यार्थ्यांची निवडणूक असल्याचा समज होतो. प्रत्यक्षात पदवीच्या पहिल्या वर्षात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला तीत मतदानाचा अधिकार नसतो. पदवीधर सदस्यांचा कार्यकाळ पाच वर्षांचा, तर विद्यार्थी परिषदेचा एका शैक्षणिक वर्षाचा असतो.

पार्श्वभूमी

विद्यापीठांच्या कारभारात विद्यार्थ्यांना स्थान असावे का, हा प्रश्न देशपातळीवर १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात पुढे आला. मुंबई विद्यापीठाचे तत्कालीन कुलगुरू व भारताचे माजी सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांच्या प्रशासनाविषयी समिती नेमली होती. तिने विद्यार्थ्यांच्या सहभागाचाही विचार केला.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांमध्ये त्या काळी थेट निवडणुका होत असत. पुढे पैसा, बाहेरच्यांचा हस्तक्षेप आणि हाणामाऱ्या यांमुळे त्या वादग्रस्त ठरल्या. १९८९मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याची हत्या झाल्यानंतर निवडणुका बंद करण्याच्या मागणीला जोर आला. १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात थेट निवडणुका थांबल्या आणि महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियम, १९९४ने गुणवत्तेवर आधारित नामनिर्देशनाची पद्धत आणली. वर्गात आधीच्या परीक्षेत उत्तम गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांना, तसेच क्रीडा, सांस्कृतिक कार्य, राष्ट्रीय सेवा योजना व राष्ट्रीय छात्रसेना यांतील विद्यार्थ्यांना परिषदेवर घेतले जाई. मतदान उरले ते परिषदेच्या सदस्यांनी आपल्यातून सचिव निवडण्यापुरते.

दरम्यान सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांची समिती स्थापन झाली. तिचा अहवाल मे २००६मध्ये सादर झाला आणि २२ सप्टेंबर २००६ रोजी न्यायालयाने तिच्या शिफारशी लागू करण्याचा आदेश दिला. जेथे वातावरण प्रतिकूल असेल तेथे नामनिर्देशन तात्पुरते चालेल, मात्र पाच वर्षांच्या आत निवडणुकीकडे वळावे, असे समितीचे म्हणणे होते. महाराष्ट्रात कायद्यातील हा बदल २०१६च्या अधिनियमाने झाला. तो १ मार्च २०१७ रोजी अमलात आला.

निवडणुकीचे टप्पे

२०१६च्या अधिनियमातील कलम ९९ विद्यार्थी परिषदांविषयी आहे. त्यानुसार निवडणुकीची रचना दोन पातळ्यांची आहे.

महाविद्यालय पातळीवर पूर्णवेळ विद्यार्थी अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि एक राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी यांना थेट मतदानाने निवडतात. राखीव प्रवर्गाची जागा अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि इतर मागासवर्ग यांच्यात आळीपाळीने फिरते. प्रत्येक वर्ग आपला वर्ग प्रतिनिधीही निवडतो. विद्यापीठाच्या शैक्षणिक विभागांसाठी अशीच स्वतंत्र परिषद असते.

विद्यापीठ पातळीवर सर्व परिषदांतील निवडून आलेल्या अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी व राखीव प्रवर्ग प्रतिनिधी यांचा मतदारगण तयार होतो. हा मतदारगण विद्यापीठ विद्यार्थी परिषदेचे पदाधिकारी निवडतो. त्यांतील अध्यक्ष व सचिव अधिसभेवर जातात. म्हणजे सामान्य विद्यार्थी अधिसभेतील आपल्या प्रतिनिधीला थेट मत देत नाही. त्याचे मत महाविद्यालयाच्या प्रतिनिधीमार्फत वर पोहोचते.

उमेदवारीच्या अटी

लिंगडोह समितीच्या शिफारशींनुसार उमेदवार नियमित व पूर्णवेळ विद्यार्थी असावा लागतो. पदवी अभ्यासक्रमासाठी वयोमर्यादा १७ ते २२ वर्षे, पदव्युत्तरसाठी २४ ते २५ वर्षे आणि संशोधक विद्यार्थ्यांसाठी २८ वर्षे सुचवण्यात आली. निवडणुकीच्या वर्षी कोणताही विषय अनुत्तीर्ण राहिलेला नसावा. उपस्थिती किमान ७५ टक्के किंवा विद्यापीठाने ठरवलेल्या प्रमाणात असावी. उमेदवारावर गुन्हेगारी स्वरूपाची नोंद वा विद्यापीठाची शिस्तभंगाची कारवाई झालेली नसावी. पदाधिकाऱ्याच्या पदासाठी एकदाच आणि कार्यकारिणीच्या सदस्यत्वासाठी दोनदा उभे राहता येते.

प्रचार आणि खर्च

प्रत्येक उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा ५,००० रुपये असून निकालानंतर दोन आठवड्यांत हिशेब सादर करावा लागतो. राजकीय पक्षाकडून निधी घेता येत नाही. छापील भित्तिपत्रके व पत्रके यांना मनाई असून हाताने तयार केलेली भित्तिपत्रके ठरलेल्या जागीच लावता येतात. प्रचारासाठी ध्वनिवर्धक, वाहने किंवा प्राणी वापरता येत नाहीत. विद्यार्थी नसलेल्या व्यक्तीला निवडणुकीच्या प्रक्रियेत कोणत्याही नात्याने भाग घेता येत नाही. अर्ज भरण्यापासून निकालापर्यंतची प्रक्रिया दहा दिवसांत आटोपावी आणि निवडणूक सत्र सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत व्हावी, असेही समितीने सुचवले. तक्रारींसाठी निवारण कक्ष असावा लागतो.

एका महाविद्यालयाच्या आवारात हे नियम पाळणे तुलनेने सोपे असते. विद्यापीठ पातळीवर मात्र अंतराचा प्रश्न येतो. मुंबई विद्यापीठाचे क्षेत्र मुंबई शहर व उपनगरांपासून ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गापर्यंत पसरले आहे. शिवाजी विद्यापीठाकडे कोल्हापूर, सांगली व सातारा हे जिल्हे येतात. सावंतवाडीच्या उमेदवाराला पालघरच्या महाविद्यालयातील प्रतिनिधींची मते हवी असतील, तर एवढ्या खर्चात व इतक्या थोड्या दिवसांत प्रत्यक्ष भेटी घेणे अवघड असते. परिणामी ज्यांच्या संघटनेचे जाळे आधीपासून सर्व जिल्ह्यांत आहे, त्यांना पक्षाचे नाव न घेताही लाभ मिळू शकतो.

अंमलबजावणी

नव्या कायद्यानुसार २०१९-२० या शैक्षणिक वर्षात राज्यभर महाविद्यालयीन निवडणुका घेण्याचे जाहीर झाले होते. मात्र त्या पुढे ढकलण्यात आल्या. त्या वर्षी कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांत मोठा पूर आला होता आणि राज्याची विधानसभा निवडणूकही जवळ आली होती. मार्च २०२०पासून कोविड-१९च्या साथीमुळे महाविद्यालये बंद राहिली.

अधिसभेतील विद्यार्थी जागा परिषदेच्या पदांवर अवलंबून असल्याने या विलंबाचा परिणाम वरपर्यंत पोहोचतो. महाविद्यालयात मतदान न झाल्यास मतदारगण तयार होत नाही आणि कायद्यानुसार विद्यापीठ परिषदेचे पदाधिकारी निवडता येत नाहीत. अशा वेळी अधिसभा आपले कामकाज करू शकते, अर्थसंकल्पही मंजूर होऊ शकतो, पण विद्यार्थ्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधीची बाजू त्यात येत नाही.

मतभेद

निवडणुकांना विरोध करणारे हिंसाचार, अभ्यासाचे नुकसान आणि पक्षीय राजकारणाचा शिरकाव ही कारणे देतात. त्यांच्या मते गुणवत्ता यादीतून निवडलेला विद्यार्थी अधिक जबाबदारीने वागतो. निवडणुकांच्या समर्थकांच्या मते परीक्षेतील गुण हे प्रतिनिधित्वाचे माप ठरू शकत नाही. वयाच्या १८व्या वर्षी लोकसभेसाठी मत देणाऱ्या नागरिकाला महाविद्यालयात ते नाकारणे विसंगत आहे. प्राचार्यांनी नेमलेला प्रतिनिधी त्यांच्याच कारभारावर कितपत प्रश्न विचारील, अशीही शंका घेतली जाते.

आणखी एक आक्षेप कार्यकाळाविषयी आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निवडून आलेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला अधिसभेच्या एक-दोन बैठका येतात. पाच वर्षे बसणाऱ्या इतर निवडून आलेल्या सदस्यांच्या तुलनेत त्याला कामकाजाचे नियम आणि अर्थसंकल्पातील बारकावे शिकण्यास फार थोडा वेळ मिळतो. पदाधिकारी म्हणून पुन्हा उभे राहता येत नसल्यामुळे हा अनुभव पुढच्या वर्षी त्याच्या कामी येत नाही. त्यामुळे मावळत्या प्रतिनिधीने नव्या प्रतिनिधीकडे कागदपत्रे व प्रलंबित प्रश्न सोपवणे या पदासाठी विशेष महत्त्वाचे ठरते.