शंभर टक्के बंद, तरीही रक्त पोचते

अँजिओग्राफी चालू असते. उजव्या करोनरी धमनीत औषधी रंग सोडला की ती पडद्यावर काळ्या रेघेसारखी उमटते. काही ठोके जातात आणि पलीकडे, डाव्या बाजूला, आणखी एक रेघ हळूहळू भरू लागते. मात्र ती भरते शेंड्याकडून मुळाकडे, उलट्या दिशेने. कारण ही डावी धमनी वरच्या अंगाला पूर्ण बंद असते आणि तिला रक्त पुरवते ती उजवी. बाहेर नातेवाइकांना डॉक्टर सांगतात, ‘शंभर टक्के ब्लॉक आहे, पण कोलॅटरल्स चांगल्या आहेत.’ शंभर टक्के ब्लॉक असूनही माणूस स्वतःच्या पायांनी चालत कसा आला, असे नातेवाइकांनी विचारले तर ते रास्तच आहे.

कोलॅटरल म्हणजे दोन धमन्यांना जोडणारी बारीक वाहिनी. हृदयाच्या धमन्या एकमेकींना कुठेच मिळत नाहीत, असे वैद्यकात दीर्घकाळ शिकवले गेले. 1960च्या दशकात ग्लासगोच्या विल्यम फुल्टन यांनी मृत्यूनंतर तपासलेल्या हृदयांच्या क्ष-किरण प्रतिमा बारकाईने पाहिल्या, तेव्हा निरोगी हृदयांतही अशा जोडवाहिन्या आढळल्या. एरवी त्यांतून फारसे रक्त जात नाही. एक धमनी चोंदू लागली की तिच्या पुढच्या भागात दाब उतरतो आणि शेजारच्या धमनीतले रक्त जोडवाहिनीतून तिकडे ओढले जाते. या वाढलेल्या वेगाचे घर्षण आतल्या अस्तराला जाणवते, काही पांढऱ्या पेशी तिथे जमतात, भिंतीची नव्याने बांधणी होते आणि वाहिनी रुंद होत जाते. या कामाला काही आठवडे लागतात. म्हणून वर्षानुवर्षे अरुंद होत गेलेली धमनी शेवटी बंद पडली तरी स्नायू तग धरू शकतो. तीच धमनी गुठळीमुळे अचानक बंद झाली, तर एवढी सवड मिळत नाही.

ही देणगी सर्वांना सारखी मिळालेली नाही. गिनिपिगच्या हृदयात जोडवाहिन्यांचे जाळे इतके दाट असते की एक धमनी बांधली तरी स्नायू मरत नाही. डुकराच्या हृदयात त्या जवळजवळ नसतात. माणसामाणसांतही असाच मोठा फरक आहे. 2012 मध्ये 12 अभ्यासांतील 6,529 रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. ज्यांच्या जोडवाहिन्या चांगल्या होत्या, त्यांना मृत्यूचा धोका सुमारे 36 टक्क्यांनी कमी आढळला.

मला अधिक ओढ आहे ती हृदयाबाहेरून येणाऱ्या रक्ताच्या गोष्टीची. छातीच्या मधल्या हाडामागे, दोन्ही कडांना समांतर, दोन मॅमरी धमन्या खाली उतरतात. त्यांच्या बारीक फांद्या हृदयावरणापर्यंत पोचतात आणि काहींच्या बाबतीत तिथून करोनरी धमन्यांशी त्यांचे धागे जुळतात. श्वासनलिकांना रक्त देणाऱ्या धमन्यांचेही असेच आहे. व्हिएन्नाच्या लांगर यांनी 1880 मध्येच याचे वर्णन केले होते.

इटलीच्या फिएस्की यांना 1939 मध्ये यातून शस्त्रक्रियेची कल्पना सुचली. शेतकरी पाटावरचे एक दार बंद करून पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवतो, तसे मॅमरी धमनी खाली बांधून टाकली तर वरचे रक्त फांदीतून हृदयाकडे जाईल. 1950च्या दशकात ही शस्त्रक्रिया अमेरिकेत पोचली. फक्त जागा बधिर करायची, दोन छोटे छेद घ्यायचे आणि धमन्या बांधायच्या. छातीतले दुखणे थांबले, असे रुग्ण सांगू लागले. 1957 मध्ये ‘रीडर्स डायजेस्ट’ने तिचे कौतुक छापले.

1959 मध्ये सिएटलच्या लिओनार्ड कॉब यांनी तिची परीक्षा घेतली. रुग्ण होते 17. सर्वांच्या छातीवर छेद घेऊन धमन्या उघड्या केल्या आणि मग शल्यविशारदाच्या हाती पाकीट दिले. चिठ्ठीत असेल त्याप्रमाणे धमन्या बांधायच्या किंवा तसेच टाके घालायचे. आपल्या धमन्या बांधल्या की नाही, हे रुग्णाला कळू दिले नव्हते. (रुग्णाच्या जाणत्या संमतीवाचून असा प्रयोग आज कोणतीही नैतिकता समिती मान्य करणार नाही, आणि ते योग्यच आहे.) आठ जणांच्या धमन्या बांधल्या, नऊ जणांच्या नाहीत. दोन्ही गटांना सारखाच आराम पडला. पुढच्या वर्षी कॅन्ससमधल्या अशाच प्रयोगातही तेच दिसले आणि शस्त्रक्रिया मागे पडली. वैद्यकाच्या इतिहासात इतक्या थोड्या रुग्णांनी इतका मोठा धडा क्वचितच दिला असेल.

कल्पना मात्र पूर्ण खोटी नव्हती. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे क्रिस्टियान झायलर यांच्या गटाने 120 रुग्णांची करोनरी धमनी फुग्याने एक मिनीट बंद ठेवून पलीकडचा दाब मोजला. त्याच वेळी त्या बाजूची मॅमरी धमनीही खाली फुग्याने बंद केली, तर हृदयाला आडवाटेने मिळणारे रक्त वाढले. विरुद्ध बाजूची बंद केली तर वाढले नाही. हे 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे त्यांनी उजवी मॅमरी धमनी कायमची बंद करूनही पाहिली आणि उजव्या करोनरी धमनीला मिळणारे पूरक रक्त वाढलेले आढळले. तरीही यामुळे झटका टळतो किंवा आयुष्य वाढते, असे अजून सिद्ध झालेले नाही. आज बायपास करताना डावी मॅमरी धमनीच सोडवून थेट हृदयाच्या धमनीला जोडतात. त्या जोडणीचा फायदा मात्र अनेक वर्षांच्या अनुभवाने पक्का झाला आहे.

जोडवाहिन्या वाढवण्यासाठी व्यायामाची मदत होते, याला पुरावा आहे. जर्मनीत 60 हृदयरुग्णांवर झालेल्या, 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चार आठवड्यांच्या देखरेखीखालील भरपूर व्यायामाने त्यांतला प्रवाह वाढला.

आपल्याकडे ‘बिनशस्त्रक्रियेचा नैसर्गिक बायपास’ अशा जाहिराती सर्रास दिसतात. पायांना हवेचे पट्टे बांधून दाब देण्याच्या उपचाराने काहींचे छातीत दुखणे कमी होते, पण तो बायपासची किंवा स्टेंटची जागा घेतो, असे सिद्ध झालेले नाही. पैसे भरण्याआधी एकच विचारा: खोटा उपचार दिलेल्या गटाशी तुलना झाली आहे का, आणि तिच्यातून काय दिसले? शिवाय अहवालात ‘कोलॅटरल्स चांगल्या’ असे लिहिले असले, तरी औषधे स्वतःहून बंद करू नका. छातीत दाटून आले, घाम फुटला, तर वाट पाहत घरी बसू नका. 108 ला फोन करा.