कोपऱ्यातला आरसा

विहिरीच्या कठड्यावरून दोर सोडला की पाणी किती खाली गेले ते कळते. पण कठडाच वरखाली होत असेल तर? पाणी उतरले की कठडा चढला, हे दोर सांगू शकत नाही.

१७ जुलै १९९१ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू तळावरून सुटलेल्या युरोपच्या ‘ईआरएस-१’ उपग्रहापुढे नेमका हाच प्रश्न होता. सुमारे ७८५ किलोमीटर उंचीवरून त्याचे रडार समुद्राच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर मोजणार होते. उपग्रह स्वतः कुठे आहे हे सांगण्यासाठी त्यावर ‘प्रारे’ नावाचे जर्मन रेडिओ उपकरण बसवले होते. अवकाशातल्या प्रारणांच्या माऱ्याने ते थोड्याच दिवसांत निकामी झाले. दोर शाबूत होता, पण कठड्याचा ठाव लागेना. मदतीला उरला तो पोटाशी बसवलेला आरशांचा एक लहानसा घुमट.

या घुमटाचा व्यास वीस सेंटीमीटरहूनही कमी. त्यात काचेचे नऊ लोलक आहेत: एक थेट खाली पाहणारा, आठ त्याच्याभोवती. प्रत्येक लोलकाला एकमेकांशी काटकोनात तीन पृष्ठभाग असतात, खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळतात तसे. प्रकाश कोणत्याही बाजूने आत शिरो, तिन्ही पृष्ठभागांवर आपटून तो आल्या दिशेनेच परत फिरतो. याला वीज लागत नाही, तार लागत नाही, हलणारा एकही भाग नाही. म्हणूनच प्रारणांनी बिघडावे असे त्यात काहीच नव्हते.

आरशावर प्रकाश टाकणारे हात मात्र जमिनीवर हवेत. इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात हर्स्टमॉन्सू किल्ल्याच्या आवारात १९८३पासून असे एक केंद्र चालते. उपग्रह कधी, कुठे उगवेल याचे गणित आधीच केलेले असते. त्याबरहुकूम दुर्बीण फिरू लागते आणि लेसरचे हिरवे स्पंद वर जातात. प्रत्येक स्पंद सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही छोटा. उपग्रह डोक्यावर असला तर प्रकाश साधारण पाच सहस्रांश सेकंदात जाऊन येतो. तेवढ्यात उपग्रह चाळीसेक मीटर पुढे सरकलेला असतो. परतणारा प्रकाश अगदी क्षीण असतो. हर्स्टमॉन्सूला तर तो मुद्दाम इतका कमी ठेवतात, की एका स्पंदामागे फार तर एकच प्रकाशकण टिपला जावा. त्यामुळे तेजस्वी आणि मंद परतीत फरक पडत नाही, सरासरी निर्मळ राहते.

इथे घड्याळ हीच मोजपट्टी. एका नॅनोसेकंदात प्रकाश ३० सेंटीमीटर जातो. जाऊन-येऊन मोजायचे असल्याने एका नॅनोसेकंदाची चूक म्हणजे अंतरात १५ सेंटीमीटरची चूक. हवेतून जाताना प्रकाश मंदावतो, म्हणून केंद्रावर हवेचा दाब, तापमान, आर्द्रता टिपतात. जमिनीवरच्या ठाऊक अंतरावरच्या खुणेवर लेसर मारून यंत्राचीही पुन्हापुन्हा तपासणी होते. १९६४मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्राने ‘एक्सप्लोरर-२२’ या उपग्रहापर्यंतचे अंतर पहिल्यांदा असे मोजले, तेव्हा चूक मीटरांत होती. आज ती मिलिमीटरांत मोजतात.

तरीही ढग आले की काम थांबते. महासागरांवर केंद्रे नाहीत, दक्षिण गोलार्धात मोजकीच. दोन मोजमापांमधली वाट गणितानेच भरावी लागते आणि त्या गणितात गुरुत्वाकर्षणाचे चढउतार, विरळ हवेचा अडथळा, सूर्यप्रकाशाचा दाब असे सगळेच येते. त्यातून १९९१च्या सुमारास सूर्य खवळलेला. वरची हवा फुगून अडथळा वाढलेला. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या संशोधकांनी लेसरच्या नोंदींना रडारचीच साक्ष जोडली. उपग्रहाच्या दोन वाटा समुद्रावर जिथे एकमेकींना छेदतात, तिथे पाण्याची उंची सारखी यायला हवी. आली नाही, तर चूक कक्षेत शोधायची. असे करत, गुरुत्वाकर्षणाचे आराखडेही सुधारत, त्यांनी उंचीतली चूक पाचेक सेंटीमीटरपर्यंत खाली आणली. रडारची पारख करण्यासाठी व्हेनिसजवळच्या समुद्रातला आक्वा आल्ता हा मनोरा निवडला होता. तिथेही आधार लेसरचाच होता.

ईआरएस-१ मार्च २०००पर्यंत चालला. त्याच्याच ३५ दिवसांच्या फेऱ्याने पुढे ईआरएस-२ आणि एन्व्हिसॅट हे उपग्रह गेले. २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीने सोडलेला भारत-फ्रान्सचा ‘सरल’ही त्याच वाटेवर लागला. त्याच्याकडे जागा सांगणारे ‘डोरिस’ हे रेडिओ उपकरण होते, तरीही सोबत लेसरचा आरसा होताच. दोन वेगळ्या मापांनी एकच उत्तर आले, तरच त्यावर विसंबता येते. समुद्राची पातळी वर्षाला तीनेक मिलिमीटर वाढते आहे, असे किनाऱ्यावरच्या कोट्यवधी माणसांना सांगायचे, तर कठडा किती हलला हे आधी ठाऊक असायला हवे.

८ एप्रिल २०१२ रोजी एन्व्हिसॅटशी संपर्क तुटला. रेडिओ मुका झाला, पण लेसर केंद्रांनी त्याच्या आरशावर प्रकाश टाकणे सोडले नाही. परतीच्या प्रकाशातूनच कळले की तो मोठा उपग्रह गरगरतो आहे. सप्टेंबर २०१३मध्ये त्याची एक गिरकी सुमारे सव्वादोन मिनिटांची होती. यंत्र बंद पडल्यावरही त्याचा आरसा जमिनीला आपला ठावठिकाणा सांगत होता.