‘रायगड’ शोधलं, ‘कुलाबा’ राहून गेला

लेखमाला : कपाटातून पडद्यावर (भाग ५)

पनवेलजवळच्या रोडपालीतली एखादी विद्यार्थिनी आपल्याच परिसराच्या भूसंपादनावर पीएच.डी. करते आहे, असं समजा. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पनवेलच्या भातखाचरांवर हळूहळू वसाहती उभ्या राहिल्या. विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात ती ‘रायगड जिल्हा, भूसंपादन’ असं लिहून शोधते. त्याच विषयावरचा सत्तरच्या दशकातला एखादा प्रबंध संग्रहात असला, तरी तो तिच्यापुढे येणार नाही. १९८१ साली नाव बदलेपर्यंत हा जिल्हा ‘कुलाबा’ होता!

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या ऑनलाइन प्रबंधसंग्रहात जाऊ लागले. पण जुना प्रबंध स्कॅन केला की हाती येतं ते पानाचं छायाचित्र. त्यातली अक्षरं संगणकाला वाचायला शिकवावी लागतात. ‘टेसरॅक्ट’ हे मोफत साधन २०१८ च्या आवृत्तीपासून सुटी अक्षरं जुळवत न बसता, चेताजालाच्या (न्यूरल नेटवर्कच्या) मदतीने सबंध ओळ वाचतं. मराठीही वाचतं. तरीही टंकलेखनयंत्रावरचा पुसट मजकूर आला की ‘भ’चा ‘म’ होतो, ‘घ’चा ‘ध’ होतो. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीचं ‘नांव’ आजच्या ‘नाव’शी जुळत नाही. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या प्रबंधांची तऱ्हा आणखी वेगळी. पडद्यावर स्वच्छ मराठी दिसते, पण मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की निरर्थक चिन्हं उरतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा खरा उपयोग यापुढे सुरू होतो. नवी शोधयंत्रणा शब्दांना अंकांच्या लांब मालिकेत बदलते, आणि अर्थाने जवळ असलेल्या शब्दांच्या मालिकाही जवळ येतात. त्यामुळे ‘भूसंपादन’ शोधताना ‘प्रकल्पग्रस्त’ किंवा ‘जमिनीचा मोबदला’ असलेली पानंही वर येऊ शकतात. विषयशब्द सुचवणं, प्रकरणांची वर्गवारी करणं हेही तिला जमतं. हजारो प्रबंध आणि मोजके कर्मचारी असलेल्या ग्रंथालयाला ही मदत मला फार मोलाची वाटते.

पण ‘कुलाबा’ म्हणजे मुंबईचं दक्षिण टोक, अलिबागचा किल्ला की जुना जिल्हा? ‘रायगड’ म्हणजे गड की जिल्हा? तिथे यंत्र अंदाज बांधतं आणि चुकीचा अंदाजही ठामपणे मांडतं. म्हणून यंत्राने सुचवलेली नोंद ग्रंथपालाने तपासल्याशिवाय सूचीत जाऊ नये. यंत्राने वाचलेल्या मजकुराशेजारी मूळ पानाचं चित्र कायम असावं, आणि मजकूर यंत्राने वाचला आहे हे तिथेच लिहिलेलं असावं. चुका गुपचूप ‘सुधारून’ देणारी यंत्रणा तर मला धोक्याची वाटते, कारण प्रबंधकाराने नेमकं काय लिहिलं होतं, हेच मग कळेनासं होतं.

आपल्या विद्यार्थिनीचं काम अडलंय ते मात्र एका छोट्या नोंदीवाचून : ‘कुलाबा जिल्हा, १९८१ पासून रायगड, पनवेल तालुका यातच.’ ही ओळ एकदा नावांच्या प्रमाणित यादीत शिरली की पुढचे सगळे शोध तिचा आधार घेतील. ती लिहायला या भागाची माहिती असलेला ग्रंथपाल हवा, आणि त्याला त्यासाठी कामाच्या वेळेतला वेळ मिळायला हवा.

(पुढील भागात : मोडी कागदपत्रं)