अहवालात जिवाणूचे नाव आले म्हणजे आजार झाला का?

शौचाच्या नमुन्यात एखाद्या जिवाणूचे जनुक सापडले की पोटाचे दुखणे त्याच्यामुळेच, हा समज फार पसरला आहे आणि तो साफ चुकीचा आहे. जनुकीय प्रोब ओळख पटवतो, निदान करत नाही.

प्रोब म्हणजे डीएनएचा मुद्दाम बनवलेला आखूड तुकडा. प्रत्येक जिवाणूच्या रायबोसोममध्ये, म्हणजे प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेत, ‘१६एस’ नावाचा सुमारे १,५०० अक्षरांचा आरएनए असतो. त्यातला काही मजकूर बहुतेक जिवाणूंत सारखा असतो, काही कुळागणिक बदलतो. प्रोबची अक्षरे जुळली की तो तिथे चिकटतो आणि त्याला जोडलेल्या चमकत्या रंगामुळे जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली उजळतो. जोमाने वाढणाऱ्या पेशीत रायबोसोम हजारोंनी असतात, म्हणून ती ठळक दिसते. सुस्त पेशी फिकट. डीएनएच्या प्रती काढणाऱ्या पीसीआरमध्ये हा भेदही राहत नाही. मेलेल्या जिवाणूचा डीएनएसुद्धा तिथे मोजला जातो.

बरे, जिवाणू जिवंत असला तरी काय सिद्ध झाले? ई. कोलाय बहुतेक सर्वांच्या आतड्यात निमूटपणे नांदतो. जुलाब होतात ते त्याच्या मोजक्या वाणांमुळे, आणि ते ओळखायला रोगकारक जनुकेच शोधावी लागतात. १६एस तिथे तोकडा पडतो. आव घडवणारा शिगेला आणि ई. कोलाय यांत त्याला जवळपास फरक दिसत नाही. क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसील तर कितीतरी धडधाकट तान्ह्या बाळांच्या पोटात असतो. लक्षणे नसताना नुसते नाव वाचून अँटिबायोटिक घेणे घातक आहे, कारण त्यात उपयोगी जिवाणूही मरतात.

‘सापडला नाही, म्हणजे नाहीच’ हेही तितकेच खोटे. रुडॉल्फ अमान आणि सहकाऱ्यांचा १९९० सालचा १८ अक्षरी ‘ईयूबी३३८’ प्रोब सर्व जिवाणूंना लागू पडतो असे मानले जाई. १९९९ मध्ये स्पष्ट झाले की व्हेरुकोमायक्रोबिया हा गट त्यातून निसटतो, आणि आतड्यातला अक्करमान्सिया नेमका त्याच गटातला. मग जोडीला आणखी दोन प्रोब द्यावे लागले.

अहवालातला जिवाणूंच्या टक्केवारीचा ‘आदर्श’ तक्ताही जपूनच वाचावा. ई. कोलायमध्ये १६एस घडवणाऱ्या जनुकाच्या ७ प्रती असतात, काही जिवाणूंत एकच. त्यामुळे प्रतींची टक्केवारी म्हणजे जिवाणूंची शिरगणती नव्हे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील आणि आघारकर संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये ‘बीएमसी मायक्रोबायोलॉजी’त दोन भारतीय एकत्र कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका छपराखाली राहणाऱ्यांतही प्रत्येकाच्या जिवाणूंचा ठसा निराळा निघाला आणि वयानुसार होणारे बदल युरोपातल्या आकड्यांशी जुळले नाहीत. टाकवे बुद्रुकसारख्या गावातल्या आजीला आणि नातवाला, दोघे एकाच पातेल्यातला भात जेवत असले तरी, परदेशी तक्ता लावून ‘बिघाड’ ठरवणे म्हणूनच अशास्त्रीय. शिवाय टाकव्याहून पुण्याला निघालेला नमुना बर्फाविना उन्हात राहिला, तर ई. कोलायसारखे जिवाणू डबीतच वाढतात आणि आकडे फिरतात.

किरकोळ गैरसमज आणखी आहेत. ही चाचणी माणसाच्या डीएनएची नसते. शरीरात पेशींच्या दहापट जिवाणू असतात हा आकडा जुना आहे; २०१६ च्या अंदाजानुसार जिवाणू सुमारे ३८ लाख कोटी, तर मानवी पेशी सुमारे ३० लाख कोटी. आतड्यातले जिवाणू प्रयोगशाळेत वाढतच नाहीत हेही खरे नाही. ऑक्सिजन पूर्ण वगळला तर अनेक वाढतात. पुण्यातील शास्त्रज्ञांनी माणसाच्या शौचातून वेगळा केलेला मेगास्फेरा इंडिका हा जिवाणू २०१४ मध्ये नवी जाती म्हणून नोंदला गेला.