शाळाप्रवेशाची सोडत : नशीब किती, नियम किती?

शिक्षण हक्क अधिनियम, २००९ अन्वये अल्पसंख्याक संस्था वगळता खासगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील किमान २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील बालकांना द्याव्या लागतात. अर्ज जागांपेक्षा अधिक आल्यास अनेक राज्यांत संगणकीय सोडत काढली जाते. सोडत म्हणजे निव्वळ नशीब, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात सोडतीचा क्रमांक केवळ समान दावेदारांमध्ये कोणाचा विचार आधी व्हावा, एवढेच ठरवतो. त्या क्रमांकाच्या आधारे जागा कोणत्या नियमाने वाटायच्या, हा प्रश्न तितकाच निर्णायक असतो. अमेरिकेतील बोस्टन शहराचा अनुभव त्याची साक्ष देतो.

बोस्टनमध्ये पालक सरकारी शाळांचा पसंतीक्रम नोंदवत. भावंड त्याच शाळेत असल्यास किंवा घर शाळेजवळ असल्यास प्राधान्य मिळे. इतर बाबी समान असल्यास सोडतीचा क्रमांक पाहिला जाई. मात्र २००५ पर्यंतच्या पद्धतीत प्रत्येक शाळा प्रथम पसंती देणाऱ्यांना आधी घेई आणि तो प्रवेश लगेच अंतिम होई.

यातील अडचण एका उदाहरणाने स्पष्ट होते. तीन शाळा आहेत आणि प्रत्येकीत एकच जागा आहे, असे समजू. सोडतीत पहिल्या व दुसऱ्या क्रमांकाच्या मुलांनी ‘अ’ शाळेला प्रथम आणि ‘ब’ शाळेला द्वितीय पसंती दिली. तिसऱ्याने ‘ब’ला प्रथम पसंती दिली. जुन्या नियमानुसार पहिल्याला ‘अ’ आणि तिसऱ्याला ‘ब’ मिळते. दुसऱ्या मुलाचा क्रमांक तिसऱ्यापेक्षा वरचा असूनही त्याच्या वाट्याला ‘क’ येते. त्याच्या पालकांनी खरी आवड लपवून ‘ब’ला प्रथम पसंती दिली असती, तर ती जागा त्याला मिळाली असती. म्हणजेच प्रामाणिकपणे पसंती नोंदवणाऱ्याचे नुकसान आणि डावपेच जाणणाऱ्याचा लाभ होई.

अर्थतज्ज्ञ अतिला अब्दुल्कादिरोग्लू आणि तैफून सोन्मेझ यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात हा दोष दाखवून दिला. त्यानंतर २००५ मध्ये बोस्टनने डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या तत्त्वावर आधारित पद्धत स्वीकारली. या पद्धतीत सर्व फेऱ्या संपेपर्यंत प्रत्येक प्रवेश तात्पुरता असतो. एका शाळेने नाकारलेले मूल पुढील पसंतीच्या शाळेकडे जाते आणि तेथे आधी जागा मिळालेल्या मुलाशी त्याची तुलना प्राधान्य व सोडतीच्या क्रमांकावरच होते. वरील उदाहरणात दुसऱ्या मुलाला ‘ब’ आणि तिसऱ्याला ‘क’ मिळते. खरी आवड नोंदवल्याने कोणाचेही नुकसान होत नाही.

न्यूयॉर्कने याच तत्त्वावरील पद्धत माध्यमिक शाळांसाठी २००३ मध्ये स्वीकारली. यादीत नसलेल्या शाळेत पाठवल्या जाणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या तेथे सुमारे ३० हजारांवरून पहिल्याच वर्षी सुमारे ३ हजारांवर आली. ही रचना घडवण्यात सहभागी असलेले अल्विन रॉथ यांना शॅप्ली यांच्यासह २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. नोंदवता येणाऱ्या शाळांची संख्या मर्यादित असेल, तर यादीत एखादी हमखास मिळणारी शाळा ठेवण्याचा विचार पालकांना करावाच लागतो. महाराष्ट्रात २५ टक्के जागांच्या अर्जात दहा शाळांपर्यंत निवड करता येते. त्यामुळे हा मुद्दा येथील पालकांनाही लागू होतो. शिवाय कोणतेही गणित चांगल्या शाळांतील जागा वाढवू शकत नाही. मात्र जागावाटपाचा नियम आधीच जाहीर आणि सुबोध असेल, तर डावपेच न जाणणाऱ्या पालकाच्या मुलालाही इतरांइतकीच संधी मिळते.